खपलीची खीर आणि पाच बाटल्या

"न चाखता कळणार कसं, तेवढं तरी सांगा ना!"

"न्हाई कळणार. न कळता कर."

"असं कुठं असतं का, अक्का?"

"हितं असतंय."

श्रीरंगने तरीही पळी ओठांकडे नेलीच. अक्काने हातातली फुंकणी त्याच्या मनगटावर हाणली. पळी पातेल्यात पडली, चार थेंब चुलीत उडाले आणि चर्र झालं.

मनगट चोळत तो बघत राहिला. पुण्यातल्या एका हॉटेलमालकाने त्याला एकदा हसत सांगितलं होतं, तुमच्या या जिभेचा विमा उतरवा. आणि इथे कृष्णाकाठच्या टेकडीवरच्या मठात नऊवारीचा काष्टा खोचलेली एक वाळकी म्हातारी त्याला फुंकणीने मारत होती.

साळूअक्का मठाची नेमकी कोण, हे कुणालाच नीट सांगता येत नसे. गादीवर महाराज होते. ते आतल्या खोलीत पोथी वाचत बसत. नैवेद्याची चूल मात्र अक्काची. तीस वर्षांत तिने ती दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नव्हती, आणि तीस वर्षांत शिजवताना एक थेंबही जिभेवर ठेवला नव्हता. देवाच्या आधी चाखायचं नाही, एवढंच तिला ठाऊक. तरी पंचक्रोशीतल्या बायका, लग्नाचे आचारी, अलीकडे तर हॉटेलातली पांढऱ्या टोप्यांची मंडळीसुद्धा बिघडलेला पदार्थ घेऊन तिच्या पायरीवर येऊन बसत. कुणी शहाणं होऊन परत जाई, कुणी शिव्या खाऊन. बहुतेकांना दोन्ही मिळे.

श्रीरंग काल संध्याकाळी आला होता. गाडीतून त्याने आधी पाच बाटल्या काढल्या. मग एक ॲल्युमिनियमचा डबा.

बाटल्या पायरीवर ओळीने मांडून त्याने आपलं काम अक्काला समजावून सांगितलं होतं. कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाइन घ्यायची, हे तो ठरवतो. लोक त्यासाठी त्याला विमानाने बोलावतात. एक घोट तोंडात फिरवला की द्राक्ष उतारावरचं की सपाटीचं, ते त्याला सांगता येतं.

"आन् झिंगल्यावर बी सांगता येतंय?"

"आम्ही गिळत नाही, अक्का. चाखतो आणि थुंकतो."

अक्काने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग टेकडीखाली पाहिलं. नजर जाईल तिथवर द्राक्षबागा होत्या.

"खाली गावात बोलू नगंस हे," ती म्हणाली. "फवारण्या करून माणसं मेटाकुटीला आल्यात."

डब्याबद्दल मात्र त्याला एवढं भडाभडा बोलता आलं नव्हतं.

डब्यात खपली गहू होता. सडलेला, म्हणजे साल काढलेला. त्याच्या आईने तो ओला करून उखळात कांडला होता, पाखडला होता, उन्हात वाळवून कडुलिंबाच्या पाल्यात ठेवला होता. दिवाळीला श्रीरंग येणार म्हणून. श्रीरंग आला नाही; परदेशातल्या एका द्राक्षतोडणीला गेला, तिथेच महिनाभर लांबला. पुढच्या संक्रांतीच्या आत आई गेली. डबा फडताळात तसाच राहिला, वरून फडकं बांधलेला.

त्यानंतर त्याने तीनदा खीर केली. तिसऱ्यांदा वर्षश्राद्धाच्या दिवशी. तिन्हीदा फसली. आता डब्यात ओंजळभर गहू उरला होता.

"खपली बाजारात मिळते," तो म्हणाला होता. "पण आईनं सडलेली... एवढीच."

अक्काने दाणे तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळले होते.

"चांगली सडायची. एक दाणा तुटलेला न्हाई... नाव काय म्हनायचं?"

"अनसूया."

"अनसूयाबाई," अक्का म्हणाली. त्याला नव्हे, दाण्यांना. आणि गहू तिने रात्रभर भिजायला पाण्यात घातला.

तोच गहू आता सकाळपासून चुलीवर रटरटत होता. आणि दोघं भांडत होती.

"तीन बारीला काय काय केलंस ते सांग. लाजू नगंस."

"लाजायचं काय त्यात?" श्रीरंग ताठ बसला. "आमच्यात एक नियम आहे. गोड पदार्थ असला, तर वाइन त्याच्याहून गोड हवी. नाहीतर ती तोंडात आंबट पडते."

"खिरीपेक्षा बी गोड?"

"हो."

"मग खीर कशाला करायची?"

"ऐका तरी! खिरीत गूळ इतका, की तिच्यापुढं एकही वाइन टिकेना. म्हणून पहिल्यांदा गूळ निम्मा केला. दुसऱ्यांदा जायफळ काढलं, ते तांबड्या वाइनला मारत होतं. तिसऱ्यांदा संत्र्याची साल घातली."

अक्काचा फुंकणीचा हात थांबला.

"आईच्या खिरीत साल?"

"चव उजळते त्यानं."

"म्हंजी खिरीसाठी वाइन बघायला निघालास, आन् वाइनीसाठी खीर नटवून बसलास. पोरगी नांदायला जायच्या आधीच तिचं नाक-डोळं बदललंस की रं!"

"थोडं जुळवून घ्यावं लागतं, अक्का."

"तुज्या आईच्या खिरीनं? त्या बाटलीतल्या पान्याशी?"

"पाणी नाही ते!" तो एकदम उसळला. पायरीवरची शेवटची बाटली त्याने उचलून आणली. चार बाटल्या दुसऱ्यांच्या होत्या, चांगल्या घराण्यातल्या. ही पाचवी त्याची स्वतःची होती. "ही आमच्या रानातल्या द्राक्षांची आहे. वेलीवर उशिरापर्यंत ठेवलेली, मनुक्यासारखी सुरकुतलेली द्राक्षं. वडील गेल्यावर त्या वेलींना आईनं पाणी दिलंय. घागरीनं, सलग दोन उन्हाळे. तुम्ही पाणी म्हणताय!"

अक्काने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"गूळ कवा घातलास?" जरा वेळाने तिने विचारलं. आवाज उतरला होता, पण मऊ झाला नव्हता.

"गहू अर्धामुर्धा शिजल्यावर. मधेमधे चाखत होतो ना. फिकी लागत होती..."

"शिजायच्या आधी फिकीच लागनार की, शान्या! म्हणून लगीच गूळ घालायचा?"

"घातला तर काय बिघडलं?"

"गूळ पडला की गहू हाय तिथंच थांबतो. मग मोळीच्या मोळी लाकडं जाळ. दाना मऊ व्हत न्हाई."

श्रीरंगने पातेल्याकडे पाहिलं.

तिन्ही खिरींतला दाणा कचकचला होता. दाताखाली वाळू यावी तसा. त्याने गव्हाला दोष दिला होता, पाण्याला दिला होता, गॅसच्या शेगडीलाही दिला होता.

"मला वाटलं, गहू जुना झाला."

"गहू जुना न्हवता. तुला दम न्हवता."



अक्का अधूनमधून एक दाणा पळीच्या टोकावर काढी आणि त्याच्यापुढे धरी. "दाब."

तो दोन बोटांत दाबी. मधे कणी लागे.

"अजून आहे."

"मग बस."

ऊन पायरीवरून सरकत बाटल्यांवर आलं. त्याने त्या उचलून सावलीत नेल्या. परत आला. बसला. जाणत्या माणसाला रिकाम्या हाताने बसवलं की त्याची फार पंचाईत होते. आपण जाणते आहोत हे तेवढा वेळ कुणाला दाखवायचं, कळत नाही. त्याने चारांतली एक बाटली उघडून तिचा कॉर्क हुंगला. पातेल्यावरच्या वाफेत हात धरला, तो नाकाशी नेला.

"दाब."

"अजून आहे."

"एक इचारते," अक्का म्हणाली. "नुसती खीर खाऊन तुजं भागत न्हाई? वाइन कशाला पायजे?"

याचं उत्तर त्याच्यापाशी तयार असायचं. हॉटेलांतल्या लोकांना तो ते छान सांगत असे. आत्ता ते तोंडाशी आलं आणि त्याला स्वतःलाच फिकं लागलं.

"मला एकदा आईबरोबर जेवायचंय, अक्का."

चुलीत लाकूड तडकलं.

"मी शाळेला म्हणून घर सोडलं, ते सोडलंच. मी काय काम करतो ते तिला कधी नीट कळलं नाही. मीही सांगायला बसलो नाही... म्हणून वाटतं, एका हाताशी तिची वाटी असावी. एका हाताशी माझा ग्लास. तिचा एक घास, माझा एक घोट. दोन्ही एकाच तोंडात एकत्र यावेत... एकदाच. बस."

अक्काने त्याच्याकडे पाहिलं नाही. पळीच्या टोकावर एक दाणा काढला.

"दाब."

दाणा बोटांत आला, आणि होता की नव्हता असा विरघळला.

"झाला," तो कुजबुजला. देवळात बोलावं तसा.

"आता गूळ."

"किती?"

"चार मुठी."

"कुणाच्या मुठीनं? तुमच्या, की माझ्या?"

"चुलीम्होरं कोण बसलंय?"

त्याने आपल्या मुठीने गूळ घातला. एक. दोन. तिसऱ्या मुठीला हात अडखळला. चौथी घातली. मग ओलं खोबरं. भाजून कुटलेली खसखस. सुंठ. शेवटी जायफळ, सहाणेवर दोन वळसे उगाळून.

आणि वास सुटला.

हा वास त्याच्या ओळखीच्या साऱ्या वासांच्या आधीचा होता. त्याने द्राक्षांची, लाकडी पिंपांची, ओल्या मातीची आणि सुक्या फुलांची शेकडो नावं पाठ केली होती. या वासाला एकही नाव चिकटेना. फक्त तोंडाला पाणी सुटलं. कुणीतरी परसातून हाक मारावी आणि आपण ओ देईपर्यंत निघूनही जावं, तसं झालं.

पळी त्याच्या हातातच होती. अक्काची पाठ होती. एक थेंब घेतला असता, तरी कुणाला कळलं नसतं.

त्याने पळी पातेल्याच्या काठावर आडवी ठेवली.

"उतर खाली," अक्का पाठ न वळवता म्हणाली.

त्याने पातेलं उतरवलं. अक्काने चार थेंब चुलीतल्या विस्तवावर सोडले; देवाचा वाटा झाला. लगबगीने दोन पाट मांडले. आपल्या पाटाजवळ ग्लास ठेवला, पाचवी बाटली उघडली, तीन बोटं वाइन ओतली. पिकल्या मधाच्या रंगाची होती ती. मग वाटी घेऊन पातेल्याकडे वळला.

"आं! कुठं निघालास?"

"वाढून घेतो..."

"कुणाच्या नावाची हाय खीर?"

"आईच्या."

"मग आधी कोण जेवतंय?"

त्याचा हात खाली आला. त्याला माहीत होतं. त्याच्या घरीही हीच रीत होती. गेलेल्या बाईच्या नावाने एखादी बाई पाटावर बसवायची. तिने पुरे म्हणून हात धुतला की मगच घरच्यांनी तोंड लावायचं. आणि तिने मागितलेल्याला नाही म्हणायचं नाही.

"अनसूयाबाईच्या नावानं मी बसते," अक्का म्हणाली.

श्रीरंगला भरून आलं. त्याने तिला बसवलं, वाकून पायाला हात लावला. वाटी भरली, वर तूप सोडलं, आणि दोन्ही हातांनी पुढे ठेवली.

अक्का जेवू लागली. सावकाश, खाली बघून, एकेक घास. चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. वाटी निपटून तिने पुढे केली.

"वाढ."

त्याने आनंदाने वाढली.

दुसरी वाटी संपली.

"वाढ."

तिसरी वाढताना त्याने पातेल्यात डोकावून पाहिलं. एवढ्याशा अंगाची ही बाई. सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता घेतला, हे खरं. तरी...

तिसरी संपली.

"वाढ."

"अक्का," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "आता एक-दीड पळीच राहिलीय."

"दिसतंय मला. वाढ."

"म्हणजे मला..."

"पाटावरच्या बाईला न्हाई म्हनत्यात तुज्या घरात?"

पळी पातेल्याच्या बुडाला खरवडली. तो आवाज त्याच्या दातांत गेला. वाटी भरली. जे पळीला आलं नाही, ते पातेल्याच्या कडेला तांबूस चमकत राहिलं.

तेवढ्यावर त्याची नजर खिळली होती. बोटभर. तेवढंही पुरलं असतं.

अक्काने चौथी वाटी संपवली. मग हात लांब केला, पातेलं पुढ्यात ओढलं आणि तर्जनीने कडेकडेने निपटलं. बुडापर्यंत. मग तांब्या घेऊन त्याच पातेल्यात पाणी ओतलं आणि हात धुतला.

"पुरे," ती म्हणाली.

श्रीरंगचा तोल गेला.

"पुरे? काय उरलंय आता पुरे म्हणायला? सगळी संपवलीत! सगळी!"

"व्हय."

"एक घास हवा होता मला. एकच! दीड वर्षं जपला तो डबा मी. तुम्हाला ठाऊक होतं. दाणा हातात घेऊन तुम्हीच म्हणालात, चांगली सडायची..."

"चांगलीच सडायची."

"आता तिच्या हातचा एक दाणा नाही कुठं. एकही! कळतंय का तुम्हाला, काय केलंत?"

"जेवले."

"देवाधर्माच्या ठिकाणी बसता आणि... भूक लागली होती, तर दुसरं काही शिजवून घातलं असतं मी! माझ्या आईचंच..."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आतल्या खोलीतला पोथीचा आवाज थांबला होता. महाराजही ऐकत असावेत. ग्लासातल्या वाइनचा वास सगळीकडे पसरला होता. मनुका, मध, उन्हात तापलेली साल. इतका चांगला वास, आणि त्याला तो सोसवेना.

अक्का पाटावरून हलली नाही.

बऱ्याच वेळाने तो वळला. राग होताच, पण त्याच्या खालून दुसरं काहीतरी वर आलं होतं.

"निदान... कशी झाली होती, तेवढं तरी सांगा."

अक्का गप्प.

"गूळ बरोबर पडला होता? मूठ माझी मोठी आहे, म्हणून म्हणतो..."

गप्प.

"दाणा मऊ होता ना? जायफळ जास्त तर नाही झालं?... अक्का? सांगा ना. कशी झालीय?"

तो पाटाशेजारी जरासा वाकून उभा होता. एका हातात रिकामी पळी. बोटांना गूळ चिकटलेला. डोळे जेवणाऱ्याच्या तोंडाकडे.

आणि तसंच वाकलेलं असताना त्याला ते वाकणं ओळखीचं वाटलं.

असं कुणीतरी उभं राहायचं. चुलीपाशी. पदराला हात पुसत. कशी झालीय रे?

आणि ताटावरची मान वर न करता तो म्हणायचा, वाढ.

पळी बुडाला लागेपर्यंत, वाढ.

त्याने आठवून पाहिलं. नागपंचमी. गावची जत्रा. तो दहावी पास झाला ते साल. पहिल्या पगाराचं साल. प्रत्येक खेपेला खीर होती, पळी होती, वाकून उभी असलेली ती होती. तिच्या हातात वाटी कधी होती?... तो एकेक साल उलटून पाहत गेला. कुठल्याच सालात तिच्या हाती वाटी सापडेना. नैवेद्याच्या आधी ती चाखायची नाही. आणि नंतर... नंतर भांडं घासायला पडलेलं असायचं.

जिला सगळ्या चवी पाठ होत्या, ती त्याची जीभ टाळ्याला चिकटून कोरडी पडली होती.

"अक्का," तो कसाबसा म्हणाला. "ही वाइन... आता कशाबरोबर घेऊ मी? माझ्या तोंडात तर काहीच नाही."

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. त्याच्या हातातली पळी तिने काढून घेतली. जमिनीवरचा ग्लास उचलून त्या हातात दिला.

"आत्ता तुज्या तोंडात जे हाय ना," ती म्हणाली, "ती अनसूयाबाईच्या वाट्याची खीर. तिच्यासंगं कुठली लागतीय, ती बघ."